सतरा नंबरच्या घरातला माणूस

दिल्लीला बदली होऊन आले त्या सकाळी मला पहिला प्रश्न सरांनी विचारला, तोही बसा म्हणायच्या आधी. गाव कुठलं? म्हटलं, नगर. ते म्हणाले, शहर नाही विचारलं, गाव विचारलं. मग मी आजोबांच्या गावाचं नाव सांगितलं, नेवाशाच्या बाजूचं. तिथे आमच्या दोन पिढ्या चर्चच्या शाळेत मास्तरकी करत होत्या, पण मी स्वतः शेवटची गेले ती सातवीतल्या नाताळात. सरांचा पुढचा प्रश्न तयार होता, लोकसंख्या किती? मला काय ठाऊक! एक दिवस, एक रात्र गाडीत काढून आलेली बाई मी, माझ्या बॅगा किती तेसुद्धा आठवत नव्हतं. सरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

“आकडा माहीत नाही, तर गाव तुमचं कसं?” ते म्हणाले.

असा राग आला म्हणून सांगू. पुढे अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसले, सगळं काम त्यांच्याकडून शिकले, पण तो राग काही पुरता गेला नाही. आता लिहितानाही थोडा आहेच.

आमचं खातं मोजणाऱ्यांचं. माणसं, घरं, गुरं, शिलाई मशिनी, सरकारला जे हवं असेल ते मोजून द्यायचं. बाकीचे सगळे देश मोजत, सर देश मोजून झाला की आपलं गाव मोजत. त्यांच्या खुर्चीमागे पाटीएवढा पांढरा फळा होता आणि त्याच्यावर फक्त एक आकडा. मी आले तेव्हा तो दोनशे चौदा होता. शीर्षक नाही, तारीख नाही. नव्याने आलेल्या एका बड्या अधिकाऱ्याला वाटलं, हे आमच्या विभागाचं टार्गेट असणार, आणि त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं की टार्गेट खाली का येतंय. सर शांतपणे म्हणाले, साहेब, दोन म्हातारी गेली आणि एक कुटुंब चाकणला गेलं. मीटिंग पुढच्या विषयाकडे वळली.

साताऱ्याच्या वर, डोंगरात, रस्ता संपतो तिथे त्यांचं गाव. ऑफिसातले हिंदीवाले त्यांना ‘सरपंचसाब’ म्हणत. कधी निवडणुकीला उभा न राहिलेला आणि गावात न राहणारा सरपंच. सरांना ते नाव आवडायचं, असं माझं मत आहे. तोंडाने त्यांनी कधी कबूल केलं नाही.

आकडा बदलला की ऑफिसला ते कळायचंच. जन्म झाला की सर करोल बागेतून पेढे आणत आणि माणशी एक वाटत. मृत्यू झाला की दुपारपर्यंत चहा घेत नसत, बोलतही नसत. अडचण व्हायची ती लग्नाची. गावातली मुलगी लग्न होऊन गेली की आकड्यातून एक वजा, पण कार्य तर शुभ. त्यावर सरांनी स्वतःचा तोडगा काढला होता. लग्नाला अर्धा पेढा. चाकूने मधोमध कापून, कागदावर मांडून, टेबलाटेबलाशी जाऊन द्यायचे. आमचे शिपाई बिशनजी गढवालकडच्या डोंगरातले. तो अर्धा पेढा हातावर घेऊन ते दर वेळी तेच विचारत, “अच्छा, किसकी शादी हुई?” आणि सर त्यांना मुलीचं नाव, वय, शिक्षण आणि ती कुठल्या तालुक्यात दिली ते सगळं सांगत. बिशनजी मनापासून ऐकत. त्यांच्या स्वतःच्या गावात आता तीन माणसं उरली होती आणि ती मोजायला फळा लागत नव्हता.

गावाची खबर यायची अंगणवाडीच्या ताईकडून. दर शनिवारी अकराला सर फोन लावत, शनिवारी ऑफिसला सुट्टी असली तरी वेळ चुकायची नाही. बाईही खमकी होती. दोघांचं नेहमीचं भांडण बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकींवरून. सरांचा नियम कडक. जो सहा महिने गावात राहिला तो गावचा. किंवा इथून पुढे सहा महिने राहण्याचा ज्याचा इरादा आहे, तो गावचा. बाळंतपणाला आलेली लेक तीन महिन्यांत सासरी जाणार, म्हणून ती मोजायची नाही, आणि बाळ तर मुळीच नाही. कामाचा शनिवार असला की फोन ऑफिसात स्पीकरवर असायचा, त्यामुळे ताईचं उत्तर मला पाठ झालंय. “अण्णा, तुमी मोजू नगा. पन त्येला खाऊ मलाच द्यावा लागतोय न्हवं?” ती म्हणायची. सर म्हणायचे, खाऊ दे, पण आकड्यात धरू नको. मग ती हसायची आणि सर चिडून फोन ठेवायचे.

हाच सहा महिन्यांचा नियम ते मुंबई-पुण्याला गेलेल्या पोरांना लावत. एखादा हॉटेलात कामाला लागला, सहा महिने झाले, परत येण्याची बात नाही, की सर पट्टी लावून त्याच्या नावावर लाल रेघ मारत. नाव खोडायचे नाहीत, वाचता येईल अशी रेघ. मी एकदा म्हटलं, अहो सर, गणपतीला येतात की ती पोरं. सर म्हणाले, गणपतीपण येतो, त्याला मोजतो का आपण?

कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात आम्ही महिन्यातून एकदा जेवायला जायचो. तिथे साहेबांच्या गाड्या घेऊन आलेले मराठी ड्रायव्हर बसलेले असत. सर त्यांच्यात जाऊन बसत आणि गावांची चौकशी करत. कोणी अभिमानाने सांगितलं, आमचं गाव दीडशे उंबऱ्याचं, की सर त्याला तिथेच धरत. “उंबरा मोजू नको. कुलपाला पण उंबरा असतो. आत कोण आहे ते सांग.” मग तो बिचारा ड्रायव्हर भाकरीचा घास हातात धरून बोटांवर माणसं मोजायला लागायचा, आणि मोजता मोजता त्याचा चेहरा उतरायचा. मला ते बघवत नसे. मी म्हणायची, सर, जेवू द्या की त्याला. सर म्हणायचे, जेवतोय तो, मी कुठे अडवलंय?

त्यांच्या खणात आलेखाचे कागद होते. दर वर्षी एक. खाली लहान मुलं, वर म्हातारी माणसं, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, असं गावाचं चित्र. पहिल्या कागदावर ते खाली रुंद, वर निमुळतं होतं. वर्षं सरत गेली तसं खालचं आक्रसत गेलं, विशी-तिशीतले पुरुष जवळपास नाहीसेच झाले आणि वरचा घेर वाढला. सरांनी एकदा सगळे कागद टेबलावर ओळीने लावून मला दाखवले आणि म्हणाले, गावाचा भोवरा झालाय, फिरतोय तोवर उभा आहे. बोलताना त्यांचा आवाज हलला. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज हललेला मी त्या एकाच वेळी ऐकला. मी काहीतरी फाईल शोधल्यासारखं केलं.

घरोघर फिरून माहिती गोळा करणाऱ्या नव्या मुलामुलींना शिकवायचं काम सरांकडे असे. त्यात ते भारी होते, हे कबूल करायला हवं. भरलेल्या फॉर्ममधली चूक फॉर्मवरूनच कशी पकडायची, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. आई आणि मुलात दहाच वर्षांचं अंतर दिसलं तर थांबा. पुरुषाने गाव सोडण्याचं कारण ‘लग्न’ लिहिलेलं दिसलं तर थांबा, कारण ते उत्तर बायकांचं असतं, शंभरात नव्वद वेळा माहिती घेणाऱ्या मुलाने घाईत चुकीचा खाना भरलेला असतो. आणि घरात माणूस एकच, पण तो विवाहित, असं दिसलं तर हमखास थांबा. नवरा किंवा बायको जाते कुठे? एक तर तुम्ही विचारलं नाही, नाहीतर त्याने सांगितलं नाही. अशा वेळी त्यांचं एकच वाक्य असे, ते फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित करत. परत जा आणि विचारा.

एका वर्षी त्यांच्या गावाची यादी मी कॉम्प्युटरवर चढवून द्यायचं कबूल केलं. सरांचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता, पण वहीचे कागद पिवळे पडायला लागले होते. दुपारच्या वेळी ते वाचत आणि मी टाइप करी. घर नंबर, नाव, वय, स्त्री की पुरुष, लग्न झालंय की नाही. सोळा झालं. मग सतरा आलं आणि सरांनी स्वतःचं नाव वाचलं. मी थांबले. घर सतरा, माणसं एक, पुरुष, विवाहित. लाल रेघ नाही.

मी म्हटलं, सर, हे तुम्ही? ते म्हणाले, हो. मी म्हटलं, तुम्हाला दिल्लीत किती वर्षं झाली? ते म्हणाले, मी तात्पुरता बाहेर आहे. मी मोजलं, तेव्हा तिसावं वर्ष चाललं होतं. तुमचा तो सहा महिन्यांचा नियम, असं मी सुरू केलं, तर त्यांनी मला मध्येच तोडलं. म्हणाले, नियमात दोन भाग आहेत, दुसरा वाचा. राहण्याचा इरादा. इरादा आहे.

हॉटेलातल्या पोरांनासुद्धा इरादा असेल की! हे मी बोलले नाही. पण खरं सांगायचं तर मला त्या लबाडीपेक्षा दुसरं काही खटकलं. विवाहित, आणि माणसं एक. हाच माणूस आम्हाला अशा ओळीवर थांबायला शिकवत होता, आणि स्वतः त्याच ओळीवरून पुढे अठराव्या घराकडे गेला.

वहिनींना मी चांगली ओळखत होते. दिल्लीत एकटी बाई म्हणून सुरुवातीला त्यांनीच मला सांभाळलं, दर रविवारी जेवायला बोलावलं. करोल बागेत दागिन्यांच्या दुकानांच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. घर वहिनींच्या वडिलांचं. सर नोकरीला लागून दिल्लीत आले ते वरच्या गच्चीवरच्या खोलीत भाडेकरू म्हणून, दोन वर्षांत बदली मागून परत जायच्या बोलीवर. दोन वर्षांनी बदलीऐवजी घरमालकाच्या मुलीशी लग्न झालं. खोलीतून खाली उतरले, एवढाच काय तो प्रवास. ऑफिसात कोणी गमतीत घरजावई म्हटलं, तर सर तीन-तीन दिवस त्याच्याशी बोलत नसत. ते आणि तो शब्द एका खोलीत राहू शकत नव्हते.

एकदा कांदे चिरता चिरता वहिनी मला म्हणाल्या, माझं माहेर करोल बाग आणि सासरही करोल बाग, मला जायला दुसरं गाव मिळालंच नाही. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, “तू टाइप केलीस ना ती यादी? त्यात मी आहे का गं?”

मी नाही म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं की काय, अजून ठरत नाही. त्या म्हणाल्या, बिल्कुल बरोबर आहे, मी तिथे कुठे राहिले? चार वेळा गेले, आठ दिवसांच्या वर नाही. नियमाने बरोबरच आहे. आणि पुढचा कांदा घेतला. मला सरांचा इतका राग आला की मी त्यांच्याशी न बोलता जेवून निघून गेले. त्यांना ते कळलंही नाही. त्या दिवशी गावात जुळं झालं होतं.

पुढे सर रिटायर झाले. समारंभात फळा त्यांनी मला दिला, म्हणाले, शनिवारी फोन करून आकडा सांगत जाईन, सोमवारी तुम्ही लिहायचा. तेव्हा एकशे अठ्ठ्याऐंशी होता. मग तेवढ्याच कोरड्या आवाजात त्यांनी सांगितलं की ते गावी राहायला चाललेत. इतकी वर्षं इरादा लिहिलाय, आता तो खरा करायचा. वहिनींचं काय, असं मी विचारलं. त्या मुलाकडे मानेसरला राहतील, असं ते म्हणाले. मुलगा तिथे गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात इंजिनियर, त्याने मोठा फ्लॅट घेतला होता आणि करोल बागेचे तीन जिने वहिनींच्या गुडघ्यांना होत नव्हते. सगळं कसं सोयीचं जमून आलं होतं. वहिनींना विचारलं का, हे मात्र मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

ते गावी पोचले त्या सोमवारी मी फळ्यापाशी उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की आकडा बदलायचा नाहीये. कागदावर ते तिथेच होते. चाळीसेक वर्षं गावाबाहेर राहिलेला माणूस गावात जाऊन पडला आणि फळ्याला त्याचा पत्ताही लागला नाही. बिशनजींना हे सांगितलं तर ते खूप हसले.

शनिवारचे फोन येत राहिले. सतरा नंबरच्या घराचं छप्पर घातलं. भाकरी जमायला लागली, पण कडा फाटतात. नवव्या घरातली आजी गेली, आकडा एकशे सत्त्याऐंशी करा. वहिनींचं नाव ते घेत नसत आणि मीही घेत नसे. मधल्या काळात मी दोनदा मानेसरला गेले. मेट्रोने गुडगावपर्यंत, पुढे शेअर ऑटो, शिफ्ट सुटलेल्या कंपन्यांच्या बसगाड्यांमधून वाट काढत. वहिनी बाल्कनीत बसून त्याच बसगाड्या बघत असत. एकदा म्हणाल्या, ह्या पोरांची गावं कोण मोजत असेल गं? मी विचारलं, सरांचा फोन येतो का? येतो की, दर रविवारी, गुडघे कसे आहेत विचारतात. मग म्हणाल्या, “चल ये म्हणाले असते तर मी कदाचित गेलेही नसते. पण म्हणायला काय झालं होतं?”

वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांचा हात धरून बसले. त्या क्षणी सर समोर असते तर मी त्यांच्या नावावर स्वतः लाल रेघ मारली असती.

सहा महिने पुरे झाले त्या शनिवारी फोनवर सर खुशीत वाटले. ताई घरी येऊन गेली होती, म्हणाली होती, अण्णा, आता तुम्ही पक्के. त्यांनी मला दोनदा सांगितलं की आता यादीत एकही चूक नाही. मी अभिनंदन म्हटलं. त्याच्या पुढच्या शनिवारी फोनच आला नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी घाबरून मानेसरला फोन लावला, तर वहिनी म्हणाल्या, इथेच आहेत, झोपलेत.

काय झालं ते मला दोघांकडून वेगवेगळं कळलं. सरांनी सांगितलं ते असं. यादी बरोबर झाल्यावर त्यांनी संध्याकाळी कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली ती सगळी पहिल्यापासून तपासली, ऑफिसात तपासायचे तशी, ओळ न ओळ. सतराव्या घरापाशी आले. माणसं एक, पुरुष, विवाहित. आणि हात थांबला. दुसऱ्या कोणाचा फॉर्म असता तर काय केलं असतं, ते त्यांना माहीत होतं. इतक्या पोरांना शिकवलं होतं. त्यांनी सकाळी पिशवी भरली.

वहिनींनी सांगितलं ते याहून लहान. दार उघडलं तर हे पिशवी घेऊन उभे. आत या म्हटलं, तर येईनात. दारातच उभं राहून विचारलं, तुला गावात राहायला यायचं आहे का? अहो, लग्नाला सदतीस वर्षं झाली, पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, नाही. बरं, म्हणाले, आणि चपला काढल्या.

हे सांगताना वहिनी हसत होत्या.

त्यानंतर अडीच आठवड्यांनी, एका शनिवारी, मी त्यांचे आलेखाचे कागद पोचवायला मानेसरला गेले. सर सोफ्यावर फोन घेऊन अकरा वाजायची वाट बघत बसले होते आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब घेतलेली एक हरियाणवी मुलगी. आमच्याच खात्याचं सर्वेक्षण. चिठ्ठीत त्या मजल्यावरचा नेमका हाच फ्लॅट निघाला होता. मी कोण हे मी तिला सांगितलं नाही, सरांनीही नाही. मुलगा आणि सून बाहेर गेले होते. त्यांची माहिती वहिनींनी दिली, मग स्वतःची दिली आणि चहा टाकायला आत गेल्या. मुलगी सरांकडे वळली.

इथे किती दिवसांपासून राहता? सर म्हणाले, अठरा. त्याआधी? गावी, सहा महिन्यांच्या वर. मुलगी म्हणाली, मग अंकल, तुम्ही या घरात मोजले जाणार नाही, तुम्ही पाहुणे. तिचं बरोबरच होतं, चांगली शिकवलेली मुलगी होती. सरांनी तिला तिच्याच पुस्तिकेतला दुसरा भाग तोंडपाठ म्हणून दाखवला. राहण्याचा इरादा असेल तर मोजायचं असतं. ती चमकली. तिने विचारलं, “तो अंकल, इरादा है?”

“है,” सर म्हणाले.

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मुलीने टॅबवर बोट फिरवलं आणि पुढचा प्रश्न वाचला, गाव सोडून इथे येण्याचं कारण. खाने वाचून दाखवले, नोकरी, धंदा, शिक्षण, आजारपण, कुटुंबाबरोबर, इतर. लग्न हा खाना तिने वाचलाच नाही. पुरुषांना तो वाचून दाखवत कोणी नाही. सर म्हणाले, शादी. तिला वाटलं, अंकलना ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सगळं वाचलं. सर पुन्हा म्हणाले, शादी. तिने तो खाना दाबला आणि टॅबवर लाल पट्टी आली. ही पट्टी कुठून आली ते मला माहीत होतं. चूक पकडण्यासाठी ती सरांनीच त्यात घालायला लावली होती, मी त्या मीटिंगला होते.

“अंकल, ये तो लेडीज का जवाब होता है,” मुलगी अवघडून म्हणाली. “लाल आ गया. पूछ रहा है, पक्का?”

“पक्का,” सर म्हणाले. “लिखो.”

तिने लिहिलं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांनी कोणाकडेही पाहिलं नाही. मुलीला बिस्किटं घे म्हणाल्या. मग सरांच्या कपात साखर घातली, ढवळली, आणि पुन्हा एकदा घातली. सरांना साखर चालत नाही. ते तो चहा सगळा प्यायले.

मुलगी गेल्यावर त्यांनी गावी फोन लावला, अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. सतरावं घर बंद कर, म्हणाले. ताई वाद घालायला लागली. अण्णा, तुमच्याच नेमानं अजून सहा महिनं तुमी आमचं, लगीच कसं काढू? सर तिला म्हणाले, नियमात दुसरा भाग आहे, तो बघ. फोन ठेवून त्यांनी पिशवीतली यादी मागितली, मी काढून दिली, आणि खिशातली पट्टी काढून त्यांनी सतराव्या ओळीवर लाल रेघ मारली. वाचता येईल अशी. वहिनींनी ती ओळ वाकून वाचली. मला त्यांच्यावर रागवायचं अगदी जिवावर आलं.

सोमवारी मी करोल बागेवरून ऑफिसला गेले. फळा पुसला आणि एकशे शहाऐंशी लिहिलं. मग ड्रॉवरमधून चाकू काढला, पेढा मधोमध कापला आणि एक अर्धा बिशनजींच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“अच्छा,” ते म्हणाले, “किसकी शादी हुई?”

मी म्हटलं, “सरपंचसाब की.”